लिटरला साडेतीन मीटर

मोटारींचा शौक असलेल्या माणसाच्या शेजारी बसून ज्याने कधी प्रवास केला आहे, बाहेर आंब्याला मोहोर आला आहे की नाही हे पाहण्याची इच्छा मनातल्या मनात दडपून ज्याने अर्धा तास केवळ टायरांच्या रुंदीवर झालेले निरूपण ऐकले आहे, आणि उतरताना दार जरा जोरात लागले म्हणून ज्याच्याकडे गोहत्या केल्यासारखे पाहिले गेले आहे, त्याला हे सांगावयास नको की या संप्रदायाची सारी श्रद्धा वेगावर, हलकेपणावर आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या संख्येवर अधिष्ठित असते. जे जड आहे ते त्याज्य, जे सावकाश आहे ते उपहासास्पद आणि जे मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेत नाही ते इंजिन या नावासच अपात्र, असा त्यांचा धर्मनिर्णय असतो. मालमोटारीकडे ते दयेने पाहतात, ट्रॅक्टरकडे पाहतच नाहीत, आणि एस्टीचा उल्लेख त्यांच्यासमोर करणे हे अभिरुचीच्या दृष्टीने बरे नव्हे.

असे असता, याच गृहस्थापुढे एखाद्या प्रचंड मालवाहू जहाजाच्या इंजिनाचे छायाचित्र ठेवावे, आणि मग त्याच्या मुद्रेचे अवलोकन करावे. छायाचित्र बहुधा एकाच धर्तीचे असते: कारखान्याच्या अजस्र छपराखाली राखी रंगाचा एक लोखंडी वाडा उभा आहे, त्याला जिने आहेत, सज्जे आहेत, कठडे आहेत, आणि दुसऱ्या की तिसऱ्या सज्ज्यावर पिवळे शिरस्त्राण घातलेली एक मनुष्याकृती आहे, जी प्रथमदर्शनी बोल्ट समजून सोडून दिली जाते. मोटारभक्त प्रथम त्या बोल्टाकडे पाहतो, मग तो बोल्ट नसून माणूस आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि मग त्याचा आवाज बदलतो. ज्या माणसाने आयुष्यभर 'हलके, लहान, चपळ' या त्रिसूत्रीचे पारायण केले, तो खालच्या स्वरात, एखाद्या संस्थानिकाच्या दरबारात मुलाहिजा राखून बोलावे तसे बोलू लागतो. माझ्या परिचयाच्या किमान चार-पाच मोटारवाल्यांत हा विकार मी जवळून पाहिला आहे, आणि त्याची संगती लावण्याचा प्रयत्न बरीच वर्षे करीत आलो आहे.

प्रथम त्या इंजिनाची कैफियत. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेजवळच्या गोदीत २००६ साली 'एमा मर्स्क' नावाचे ३९७ मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज बांधून पुरे झाले. त्याच्या उदरात सुल्झर घराण्याच्या परंपरेतले, पुढे वार्ट्सिला कंपनीच्या नावाने चाललेले, एका ओळीत १४ सिलिंडर असलेले दुघाती डीझेल इंजिन बसविण्यात आले. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, आणि त्यातला पिस्टन खालून वर अडीच मीटर प्रवास करतो. इंजिनाची लांबी २७ मीटरच्या जवळ, उंची साडेतेरा मीटर, वजन २,३०० टन, आणि त्यांपैकी सुमारे ३०० टन एकट्या क्रँकशाफ्टचे. ताकद १,०८,९२० अश्वशक्ती. या इंजिनाचे वर्णन करणाऱ्या लेखकांना हत्ती, इमारती आणि क्रिकेटची मैदाने यांचा भारी हव्यास असतो, परंतु वरील आकडे स्वतःच पुरेसे बोलके असल्यामुळे त्या बिचाऱ्या हत्तींना मी येथे तसदी देत नाही.

आता मौज अशी की मोटारभक्तांच्या स्वतःच्या कायद्याने या इंजिनाचा खटला चालविला तर ते कलमागणिक दोषी ठरते. २००५ साली, म्हणजे त्या जहाजाच्या आदल्याच वर्षी, फ्रान्समधल्या मॉल्शेम या गावी बुगाटी व्हेरॉन नावाची मोटार सिद्ध झाली. आठ लिटरचे इंजिन, १६ सिलिंडर, १,००१ अश्वशक्ती आणि ताशी ४०० किलोमीटरच्या वर वेग. म्हणजे लिटरमागे १२५ अश्वशक्ती. जहाजाच्या इंजिनाचे एकूण घनफळ २५,४८० लिटर. त्याने अश्वशक्तीला भाग दिला तर लिटरमागे सव्वाचार अश्वशक्ती पदरात पडते. व्हेरॉनची गोष्ट सोडा. आमच्या एका स्नेह्यांपाशी अजून एक प्रीमियर पद्मिनी आहे, जी १,०८९ घन सेंटिमीटरांच्या इंजिनावर चाळीसेक अश्वशक्ती देते, म्हणजे लिटरमागे छत्तीस-सदतीस. ती पद्मिनी, जी दादरच्या टिळक पुलाच्या चढावर प्रवाशांना उतरण्याची सूचना न देता कधी चढली असेल असे वाटत नाही, ती या मोजमापाने जगातल्या त्या महत्तम इंजिनापेक्षा आठपट तेजस्वी ठरते! वजनाचे पाहावे तर जहाजाचे इंजिन अश्वशक्तीमागे २१ किलो भरते. पद्मिनी सबंध, म्हणजे चार दारे, शिटा, आरसा आणि डॅशबोर्डावरचा गणपती धरून, अश्वशक्तीमागे साधारण तेवढीच भरते. आणि फेरे? पुरी ताकद लावली असता मिनिटाला १०२. जिना चढून आलेल्या मध्यमवयीन गृहस्थाची नाडी याहून कमी चालत असेल तर त्याने देवाचे आभार मानावेत.

ही पद्मिनी ज्यांची, त्या स्नेह्यांचे नाव मी सांगत नाही, कारण हा लेख त्यांच्या हाती पडणारच आहे. निवृत्तीपूर्वी ते एका कचेरीत हिशेबनीस होते आणि जमाखर्चाची ती शिस्त त्यांनी आपल्या भक्तीतही आणली आहे. हे इंजिन म्हणजे घनफळाने तेवीस हजार चारशे पद्मिनी आणि ताकदीने फक्त सत्तावीसशे पद्मिनी, हे गणित त्यांनीच मला कागदावर मांडून दाखविले. "म्हणजे पोट तेवीस हजारांचे आणि काम सत्तावीसशेंचे," असे मी म्हणताच ते चिडतील अशी माझी अपेक्षा होती. कारण अशा स्वरूपाची खाती सरकारात पुष्कळ असून त्यांच्यावर ते स्वतः दररोज सकाळी वर्तमानपत्र हाती धरून टीका करीत असतात. परंतु ते चिडले नाहीत. "ते पोट नव्हे," ते गंभीरपणे म्हणाले, "तो ऐसपैसपणा आहे."

परंतु महाराष्ट्रात कोणत्याही वाहनाची परीक्षा ज्या एका प्रश्नाने पुरी होते, आणि जो प्रश्न विवाहयोग्य मुलाच्या पगाराइतक्याच निःसंकोचपणे भर रस्त्यात विचारता येतो, तो 'किती देते?' हा प्रश्न अद्याप शिल्लक होता. स्नेह्यांनी एका रविवारी त्याचाही निकाल लावला. पूर्ण ताकदीने चालताना हे इंजिन तासाला पावणेचौदा टनांच्या आसपास, म्हणजे दिवसाला सव्वातीनशे टनांहून जास्त जड तेल पिते. जहाजाचा वेग साडेपंचवीस नॉट, म्हणजे ताशी ४७ किलोमीटर. त्रैराशिक मांडले असता उत्तर येते, लिटरला सुमारे साडेतीन मीटर. किलोमीटर नव्हेत, मीटर. आमच्या चाळीच्या जुन्या दिवाणखान्याची लांबी साधारण तेवढीच होती. हा आकडा हाती आल्यावर पेट्रोलच्या दरात आठ आणे वाढले तरी ज्यांचा दिवस नासतो असे हे गृहस्थ खिन्न होतील असे कोणासही वाटले असते; ते उलट अत्यंत प्रसन्न झाले, कारण त्यांनी कागद उलटून दुसऱ्या बाजूस दुसरे त्रैराशिक मांडून ठेवले होते. जहाज भरलेले असता दीड लाख टनांपर्यंत ओझे वाहते. म्हणजे त्या एका लिटरात दीड लाख टन साडेतीन मीटर सरकतात. म्हणजेच एक टन माल पाचशे किलोमीटर जातो. एका लिटरात एक टन, मुंबईहून थेट सावंतवाडी! पद्मिनीत एक टन भरला तर ती चेंबूरच्या पुढे जाईल किंवा काय, याचा त्यांनी हिशेब केला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

या काटकसरीचे रहस्य तेलातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक भाग प्रत्यक्ष कामी लावण्यात आहे. आपल्या पेट्रोलच्या मोटारी चतुर्थांश ते तृतीयांश कामाला लावतात आणि बाकीचा ऐवज रेडिएटर व धुराड्यावाटे वाऱ्यावर सोडतात. जहाजाचे इंजिन सावकाश चालते म्हणूनच ते काटकसरी आहे. तेलाला नीट जळण्यास अवकाश मिळतो, पिस्टनला लांबवर ढकलण्यास अवकाश मिळतो, आणि पंखाही मोठा व मंद असला की पाण्याला अधिक समजूतदारपणे रेटतो. आणि ते तेल तरी काय योग्यतेचे? शुद्धीकरणाच्या कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डीझेल असे सर्व मानकरी उठून गेल्यावर पंगतीत जे तळाशी राहते ते. थंड असता ते डांबराच्या नात्यातले वाटते. शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापविले म्हणजे मगच ते पिचकारीतून फवारण्याजोगे होते. ज्या भक्तांनी आपल्या मोटारीच्या तोंडी अमुकच पंपावरचे आणि तमुकच प्रतीचे पेट्रोल घालण्याचे व्रत घेतले आहे, तेच हे वर्णन ऐकताना सद्गदित होतात.

या घराण्याच्या वंशावळीत एक गमतीचा भाग असा आहे की सागराशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा गावांनी त्यात मोठी कामगिरी बजावली आहे. सुल्झर बंधूंचा कारखाना स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर या गावचा. त्या देशाला समुद्रकिनारा नाही, आणि तरीही जगातल्या दर्यावर्दी राष्ट्रांनी आपल्या जहाजांच्या हृदयाचे आराखडे तेथून मागवावेत, आणि जपान-कोरियातल्या बड्या कारखान्यांनी परवाना घेऊन ती इंजिने बांधावीत, असा शिरस्ता पडला. 'एमा मर्स्क'चा १३० टनांच्या घरातला पंखा ओतला गेला तोही जर्मनीतल्या वारेन या तळ्याकाठच्या गावी. रुडॉल्फ डीझेल हा स्वतः तरुणपणी, १८७९ साली, परीक्षेच्या ऐन वेळी विषमज्वराने अंथरुणाला खिळल्यामुळे पुढच्या परीक्षेची वाट पाहत त्याच सुल्झरांच्या कारखान्यात उमेदवारी करून आला होता. त्याच्या नावाच्या इंजिनावर दूरच्या समुद्रात जाणारे पहिले मोठे जहाज म्हणजे कोपनहेगनच्या बुर्मायस्टर आणि वाइन यांनी बांधलेले 'सेलांडिया'. १९१२ साली ते बँकॉकच्या सफरीस निघाले, वाटेत लंडनला थांबले असता आरमारखात्याचे मंत्री चर्चिलसाहेब ते जातीने पाहून गेले. त्याला धुराडेच नव्हते; धूर डोलकाठीतून सोडण्याची व्यवस्था होती, आणि धुराड्याच्या उंचीवरून कंपनीची पत ओळखणाऱ्या त्या काळच्या उतारूंना हे जहाज केवढे संशयास्पद वाटले असेल याची कल्पना करावी. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या 'ड्रेसडेन' नावाच्या आगबोटीवरून डीझेलसाहेब नाहीसे झाले. ती आगबोट वाफेवर चालणारी होती. मोटारभक्त ही गोष्ट सांगताना येथे हमखास थांबतात, आणि ऐकणाऱ्यानेही थांबावे अशी त्यांची अपेक्षा असते.

माझ्या स्नेह्यांचे दुर्दैव असे की त्यांच्या भक्तीची रुजुवात करून पाहण्याची सोय आमच्याच इमारतीत निघाली. दुसऱ्या मजल्यावर देवगडकडचे एक वृद्ध गृहस्थ राहावयास आले, जे उभी हयात बोटीवर काढून 'बडा साब' म्हणून, म्हणजे चीफ इंजिनिअरच्या हुद्द्यावरून, निवृत्त झाले होते. कोकणातल्या माणसाला बोट नवी नाही. रत्नागिरीच्या खाड्यांतून निघालेले खलाशी, सुकाणी आणि सारंग पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या जगभर हिंडले, आणि जहाजावरच्या कारभारात सारंग, टिंडेल, कसाब, आगवाला, तेलवाला अशी जी हिंदुस्थानी मनसबदारी रूढ झाली तिच्यातच पुढे इंजिनघरातल्या अधिकाऱ्यांचीही सोय लागली: बडा साब, सेकंड साब, तीन साब, चार साब. हे गृहस्थ पाचव्या पायरीपासून मोजत मोजत बड्या साबापर्यंत चढलेले. स्नेह्यांना हे वृत्त कळताच ते इस्त्रीचा सदरा घालून, माझा हात धरून, भेटीस गेले. देवदर्शनास निघालेल्या माणसाच्या हातात नारळ असतो. यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता.

"साहेब," बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "ते एवढे मोठे इंजिन पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेत, तेव्हा काय वाटले?"

"उकडले," बडे साहेब म्हणाले.

"आणि आवाज? त्याचा आवाज कसा असतो हो?"

"जरा मोठ्याने बोला. त्या आवाजानेच हा कान गेलाय."

स्नेही खचले नाहीत. गिअर किती, असे त्यांनी विचारले, एकही नाही. क्लच? नाही. पंखा थेट इंजिनाच्या दांड्याला जोडलेला. इंजिन फिरले की पंखा फिरतो. मग जहाज मागे घ्यावयाचे झाल्यास? "इंजिन थांबवायचे आणि उलटे चालू करायचे," साहेब म्हणाले, आणि हे त्यांनी पंख्याचे बटण दाबण्याइतक्या सहजतेने सांगितले. सुरू करावयाचे ते दाबून भरलेल्या हवेने. तीस वातावरणांच्या दाबाची हवा मोठमोठ्या टाक्यांत साठविलेली असते, ती क्रमाने एकेका सिलिंडरात सोडावयाची, म्हणजे तो अवाढव्य डोलारा हलतो, आणि हलला की तेलाची फवारणी. टाक्या पुन्हा न भरता बारा वेळा, आळीपाळीने पुढे आणि मागे, इंजिन सुरू करता आले पाहिजे असा नियम आहे. "आणि धक्क्याला लावताना कॅप्टनने तेराव्यांदा मागितले तर?" स्नेह्यांनी श्वास रोखून विचारले. "तर कॅप्टनला खाली बोलावायचे," साहेब म्हणाले, "आणि फुंकायला सांगायचे."

मग स्नेह्यांनी तो प्रश्न काढला ज्यासाठी खरे म्हणजे ते आले होते. "साहेब, त्या सिलिंडरात माणूस उभा राहू शकतो म्हणतात. तुम्ही कधी आत..." पुढचे शब्द त्यांच्या तोंडून फुटेनात. बड्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, आणि प्रथमच जरा विस्ताराने बोलले. उभे राहण्याचे प्रसंग युनिट उघडल्यावर, कधीमधी. नेहमीचे काम निराळेच. बोट बंदरात लागली, इंजिन बंद झाले, पण निवालेले नाही. अशा वेळी पिस्टनखालच्या हवेच्या पेटीचे झाकण उघडावयाचे, हातात बत्ती घेऊन गुडघ्यांवर आत शिरावयाचे, आणि बाहेरचा सोबती टर्निंग गिअरने इंजिन इंचाइंचाने फिरवीत असता सिलिंडरच्या खालच्या भोकांतून वर सरकणारे पिस्टन आणि त्याच्या रिंगा पाहावयाच्या. कोणती तुटली, कोणती चिकटली, कोणती अजून स्प्रिंगेसारखी दबते, ते काडीने दाबून तपासावयाचे आणि ओरडून सांगावयाचे. एक झाले की पुढचे. चौदा सिलिंडर म्हणजे चौदा वेळा. खाली बोटभर काळा चिकट गाळ, तो खरवडावयाचा. तो बॉयलरसूटमधून आत जातो, बनियनमधून आत जातो, आणि मग साबणाने जात नाही. "घरी रजेवर आलो की आमची ही पहिले चार दिवस उशीला जुने धोतर गुंडाळायची," साहेब म्हणाले.

स्नेह्यांच्या डोळ्यांत मत्सराची जी छटा त्या क्षणी दिसली, ती मी अन्यत्र कोठेही, बढतीच्या यादीवरही, पाहिलेली नाही.

निघताना, काहीतरी शिष्टाचाराचे बोलावे म्हणून, त्यांनी साहेबांच्या खाली उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन कोणते, अशी पृच्छा केली. ती पांढरी, लहानशी, आपोआप गिअर बदलणारी गाडी होती. साहेबांनी आठवून पाहिले, स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिले, आणि मग म्हणाले, "बॉनेट कुठून उघडते तेसुद्धा मला ठाऊक नाही. सर्व्हिसिंगवाला पोऱ्या येतो, तो बघतो." जिन्यात स्नेही एका शब्दानेही बोलले नाहीत.

माझ्या मते रोगाचे मूळ याच बॉनेटमध्ये आहे. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी अलीकडे एक नवी मोटार घेतली. दसऱ्याच्या दिवशी पूजेसाठी तिचे बॉनेट उघडण्यात आले, तेव्हा आत इंजिन दिसेना. दिसले ते एक सपाट काळे प्लॅस्टिकचे झाकण, त्याच्यावर उठावदार अक्षरांत कंपनीची मुद्रा, आणि भोवती, जमिनीखाली कोण राहतो हे गावास कळू नये अशा बेताने, सर्वत्र आच्छादने. स्नेह्यांच्या हातात हळदकुंकवाचे तबक होते. पद्मिनीच्या इंजिनावर कुंकू कोठे लावावयाचे हे त्यांना तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने ठाऊक: एक बोट कार्बुरेटरवर, एक डिस्ट्रिब्युटरवर, आणि झेंडूची माळ एअर फिल्टरच्या वाटोळ्या डब्याला. येथे त्यांनी तबक उजवीकडून डावीकडे नेले, डावीकडून उजवीकडे नेले, आणि शेवटी प्लॅस्टिकवर स्वस्तिक काढून आटोपले. "झाकण काढू का बाबा?" असे चिरंजीवांनी विचारले, पण काढल्यास वॉरंटीस बाध येईल की काय अशी शंका त्यांनीच पुढे काढली, आणि तो विषय तेथेच तहकूब झाला.

जो माणूस आपल्या मालकीच्या इंजिनात बोटही घालू शकत नाही, ज्याच्या गाडीत बिघाड झाल्यास तिला संगणकाची तार जोडून निदान करण्यात येते आणि मालकास काचेपलीकडच्या गार खोलीत कॉफी देऊन बसविण्यात येते, त्याला ज्या इंजिनात दारातून जाता येते, ज्याच्या पोटात बत्ती घेऊन रांगता येते आणि ज्याचा बोल्ट माणसाच्या मांडीएवढा असल्यामुळे हरवणे शक्य नाही, त्या इंजिनाची ओढ लागावी यात नवल नाही. वेग, हलकेपणा, फेरे हे सर्व त्याने मोटारीच्या कंपन्यांकडून उसने घेतलेले तत्त्वज्ञान होते. त्याला मनातून हवे होते ते यंत्राच्या घरात जाणे-येणे. बड्या साहेबांना ते जाणे-येणे उभी हयात करावे लागले, म्हणून ते आता बंद बॉनेटाच्या गाडीत सुखी आहेत. दोघांनी आपसांत गाड्या बदलाव्यात अशी तजवीज मी एकदा सुचविली होती, ती दोहोंकडून नामंजूर झाली.

या पंथाला तीर्थक्षेत्रेही आहेत. कोपनहेगनमध्ये बुर्मायस्टर आणि वाइन यांनीच बांधलेले, १९३३ च्या सुमारास एका वीजघरात बसविलेले २२,५०० अश्वशक्तीचे डीझेल इंजिन अद्याप जागेवर आहे. सुमारे तीस वर्षे ते जगातले सर्वांत मोठे म्हणून मिरवले, आणि आता त्याचे संग्रहालय झाले असून ठराविक रविवारी ते भाविकांसाठी चालवून दाखवितात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात 'जेरेमाया ओब्रायन' हे दुसऱ्या महायुद्धातले लिबर्टी जहाज आहे, ज्याचे वाफेचे इंजिन 'टायटॅनिक' चित्रपटातल्या इंजिनघराच्या दृश्यांत वापरले गेले. अर्थात वाफेच्या उपासकांचा मठ निराळा; ते डीझेलवाल्यांना कालचे पोरगे समजतात.

भक्तांना खरा धक्का दिला तो मात्र व्यापाऱ्यांनी. २००८ च्या मंदीनंतर जहाजांच्या मालकांनी हिशेब तपासला, आणि त्यांच्या असे ध्यानात आले की वेग एकपंचमांशाने उतरविला तर लागणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. सबब सव्वातीनशे टन तेल जाळून युरोपला लवकर पोचण्यापेक्षा थोडे तेल जाळून सावकाश पोचावे. झाले! लाख अश्वशक्तीची इंजिने निम्म्याहून कमी ताकदीवर फिरू लागली, आणि २०१३ पासून 'एमा मर्स्क'च्याच कंपनीची जी आणखी मोठी जहाजे निघाली ती मुळातच कमी वेगासाठी आखलेली होती. ही वार्ता ऐकून स्नेह्यांना झालेला संताप मी विसरणार नाही. घोडा लाखाचा आणि चाल बैलगाडीची, हा त्यांच्या मते इंजिनाचा अधिक्षेप होता. स्वतःची पद्मिनी ते ताशी चाळीसच्या वर कधी नेत नाहीत, हे मी त्या प्रसंगी बोललो नाही.

कोपनहेगनच्या त्या संग्रहालयास जाण्याचा विषय स्नेह्यांच्या घरात निघाला होता, परंतु तिकिटाचा आकडा ऐकल्यावर वहिनींनी असा तोडगा काढला की एवढी मोठी जहाजे जर समोर उरणच्या बाजूला बंदरात लागतच असतात, तर इंजिन पाहण्यासाठी डेन्मार्कला कशाला जावयास हवे. युक्तिवाद बिनतोड होता. जहाजे लागतात हे खरे, परंतु बंदराच्या कुंपणाबाहेरून त्यांचे फक्त रचलेले कंटेनर दिसतात, आणि इंजिन पाण्याच्या पातळीखाली असल्यामुळे ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा स्नेह्यांनी एका कचेरीत रीतसर दरखास्त दाखल केली. नमुना तीन प्रतींत, सोबत ओळखीचा दाखला आणि दोन छायाचित्रे. सर्व रकाने त्यांनी आपल्या सुवाच्य हिशेबनिशी अक्षरात भरले होते. 'भेटीचे प्रयोजन' या रकान्यात लिहिले होते, 'इंजिन पाहणे.' पंधरवड्याने कागद परत आले, आणि त्या रकान्यावर लाल शाईने शेरा होता: 'प्रयोजन खुलासेवार नमूद करावे.'

तेव्हापासून ते खुलासा लिहीत आहेत. परवा मी गेलो तेव्हा सातवा ताव चालला होता. पहिल्या तीन तावांत अश्वशक्ती, घनफळ आणि तेलाचा खप यांचे तक्ते, चौथ्यात हवेच्या पेटीची आकृती, जी बड्या साहेबांकडून तपासून घेतली होती, आणि पुढे कलमवार निवेदन. त्यांपैकी एकोणिसाव्या कलमाबाबत त्यांना माझा सल्ला हवा होता. 'अर्जदाराच्या मालकीची प्रीमियर पद्मिनी मोटार चालू स्थितीत असून तिचे इंजिन अर्जदार स्वहस्ते उघडतो,' असे ते कलम होते. त्याने अर्जास बळकटी येईल की तो फेटाळला जाईल, असा त्यांचा पेच होता. कलम राहू द्यावे, फक्त 'चालू स्थितीत' हे शब्द एकदा बड्या साहेबांना वाचून दाखवावेत, असे मी सुचविले.